‘बाजार वाढतोय, म्हणून…’ : सिनॉप्सिसच्या पहिल्या वाक्याबद्दल थोडं

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने पीएच.डी.चा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय चांगला होता, पेसमेकरच्या तारेवरच्या आवरणाचा पदार्थ. पहिलं वाक्य मात्र असं होतं : सक्रिय प्रत्यारोपित वैद्यकीय उपकरणांची जागतिक बाजारपेठ झपाट्याने वाढत असून येत्या काही वर्षांत ती अमुक अब्ज डॉलरवर जाणार आहे, म्हणून प्रस्तुत संशोधन गरजेचे आहे.

मी त्या ‘म्हणून’भोवती गोल काढला आणि सिनॉप्सिस परत पाठवला. मग आठवलं की माझ्या स्वतःच्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच वाक्य होतं. कंपनी वेगळी, आकडा वेगळा, ‘म्हणून’ तोच. तेव्हा मला कुणी हटकलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची, सेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. हा लेख त्या ‘म्हणून’बद्दल आहे. बाजार वाढतो यावरून गरज सिद्ध होते का? आणि होत नसेल, तर बाजाराचा आकडा नेमकं काय सांगतो?

आधी व्याख्या, कारण घोळ तिथूनच सुरू होतो

‘सक्रिय’ म्हणजे काय? युरोपने १९९० साली या उपकरणांसाठी वेगळा निर्देश काढला (क्रमांक ९०/३८५). त्यातली व्याख्या आजही कामाची आहे. शरीरात बसवलेलं जे उपकरण विजेवर किंवा अशा एखाद्या ऊर्जास्रोतावर चालतं, जो शरीराने किंवा गुरुत्वाकर्षणाने थेट निर्माण केलेला नाही, ते सक्रिय. पेसमेकर, धोकादायक ठोके ओळखून हृदयाला झटका देणारा डिफिब्रिलेटर म्हणजे आयसीडी, कर्णबधिर मुलांसाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट, पार्किन्सनमध्ये मेंदूत बसवला जाणारा उत्तेजक हे सगळे सक्रिय. स्टेंट सक्रिय नाही, गुडघ्याचा सांधाही नाही. ते आत असतात, पण त्यांना बॅटरी लागत नाही.

ही रेघ ओढून घ्या. कारण ‘वैद्यकीय उपकरणांचा बाजार’ म्हटलं की त्यात सिरिंजपासून एमआरआयपर्यंत सगळं येतं. तो आकडा घेऊन तुम्ही पेसमेकरच्या तारेवरचं संशोधन सुरू केलंत, तर तुमचा पुरावा आणि तुमचा विषय यांची भेटच होत नाही.

एक आकडा सोलून बघू

खाजगी कंपन्यांचे बाजार-अहवाल महाग असतात. आपल्याला फुकट मिळतो तो त्यांचा सारांश, आणि त्यात पद्धत जवळपास नसतेच. म्हणून सरावासाठी एक सरकारी आकडा घेते, जो सगळ्यांना उपलब्ध आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केलं. त्या वेळच्या सरकारी निवेदनात तीन गोष्टी होत्या : २०२० साली भारतातलं हे क्षेत्र ११ अब्ज डॉलरचं, म्हणजे सुमारे ९०,००० कोटी रुपयांचं होतं, जागतिक बाजारात त्याचा वाटा १.५ टक्के होता. आणि २०३०पर्यंत ते ५० अब्ज डॉलरवर जाऊ शकतं.

कॅल्क्युलेटर काढा.

पहिलं. ९०,००० कोटींना ११ अब्जांनी भागा. एका डॉलरला जवळपास ८२ रुपये येतात. पण २०२० साली डॉलर सरासरी ७४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे बाजार २०२०चा आणि विनिमय दर २०२३चा. ७४ने गुणलं तर साधारण ८१,४०० कोटी होतात. मधले साडेआठ हजार कोटी कुणी एकही उपकरण न विकता आले.

दुसरं. ११ अब्ज म्हणजे जगाच्या १.५ टक्के असेल, तर जगाचा बाजार सुमारे ७३३ अब्ज डॉलरचा निघतो. त्या काळातल्या बहुतेक उद्योग-अंदाजांपेक्षा हा बराच वरचा आकडा आहे. याचा अर्थ कुणी खोटं बोललं असा घेऊ नका. अंश एका स्रोतातून आणि छेद दुसऱ्यातून आला, की असं होतं.

तिसरं. ११चे ५० दहा वर्षांत व्हायचे, तर वार्षिक चक्रवाढ दर १६.३ टक्के पडतो. अहवालांमध्ये ज्याला सीएजीआर म्हणतात तो हाच. आता हे लक्षात घ्या की सीएजीआर ही मोजलेली वाढ नसते. दोन टोकांमध्ये ओढलेली ती गुळगुळीत रेघ असते, आणि इथे त्यातलं एक टोक भविष्यात आहे. प्रयोगशाळेत दोन बिंदूंवरून आलेख काढला तर व्हायवात काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे. प्रस्तावनेत मात्र आपण तेच खुशाल करतो.

एक माणूस, सव्वीस यंत्रं

समजा आकडा अगदी चोख आहे. तरी तो कशाचा आकडा आहे?

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर घातला गेला. यंत्र रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलं होतं, शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. लार्सन मात्र २००१पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले, आणि तोवर त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. रुग्णांच्या नोंदवहीत ते एक माणूस आहेत. विक्रीच्या वहीत सव्वीस नग.

हे जुन्या काळापुरतं आहे असं समजू नका. आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं, काही वेळा त्याहून जास्त टिकते. संपली की वरची डबी पूर्ण बदलावी लागते. हॅरी मॉन्ड आणि अलेस्सांद्रो प्रोक्लेमर यांनी २००९ सालासाठी ६१ देशांचं सर्वेक्षण केलं होतं. त्या वर्षी एकूण १०,०२,६६४ पेसमेकर बसवले गेले. त्यातले ७,३७,८४० नवीन रुग्णांना आणि २,६४,८२४ बदली म्हणून. म्हणजे सव्वीस टक्क्यांहून थोडे जास्त नग आधीच पेसमेकर असलेल्यांना गेले. आयसीडीमध्ये तर ३,२८,०२७पैकी १,०५,६२० बदलीचे, जवळपास एक तृतीयांश.

यातून जे निघतं ते जरा विचित्र आहे. उद्या कुणी दुप्पट टिकणारी बॅटरी शोधली, तर रुग्णाचा फायदा होईल, त्याची एक शस्त्रक्रिया वाचेल, आणि बदलीचा बाजार घटेल. तुमचं संशोधन याच बॅटरीवर असेल, तर ‘बाजार वाढतोय’ हे कारण देताना तुम्ही स्वतःच्याच विरोधात पुरावा देताय.

किमतीचंही तसंच. १३ फेब्रुवारी २०१७ला औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली : औषधवेष्टित स्टेंटला २९,६०० रुपये, साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, कर वेगळा. स्टेंट सक्रिय उपकरण नाही हे आपण वर पाहिलंच, पण धडा तोच आहे. किंमत उतरली आणि नग तेवढेच राहिले, तर रुपयांतला बाजार आकसतो. रुग्णांच्या दृष्टीने ती चांगली बातमी असते आणि अहवालात ती ‘घसरण’ म्हणून येते.

बारामती-इंदापूरकडे येऊ

बाजार-अहवालात देश असतात, फार तर राज्य असतं. तालुका नसतो. म्हणून माझ्या घरचं उदाहरण देते.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे राहते. उसात काम करताना तिला चक्कर यायची. ऊन लागलं म्हणून लिंबू-सरबत झालं, बीपी कमी म्हणून सलाइन झालं, अशक्तपणा म्हणून ताकदीच्या गोळ्या झाल्या. यात आठ महिने गेले. एकदा विहिरीच्या कडेलाच पडली, तेव्हा कुठे ईसीजी निघाला. हार्ट ब्लॉक होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खाली पोचत नव्हता. पुण्याला नेऊन पेसमेकर बसवला. आज ती बरी आहे, आणि बाजाराच्या हिशेबात ती ‘एक नग’ म्हणून त्या दिवशी आली. आधीचे आठ महिने कुठल्याच आकड्यात नाहीत.

पैशाचा अडथळा बऱ्याच जणांसाठी कमी झाला आहे, हे मान्य करायला हवं. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेलेली जीवनदायी योजना, २०१७पासून जिला आपण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतो, तिच्यात पेसमेकर बसवणं येतं. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९पासून आहे, उपजिल्हा रुग्णालयं दोन्ही तालुक्यांत आहेत. पण योजना सुरू होते निदानानंतर. आणि निदान सुरू होतं ते ‘चक्कर आली तर ईसीजी काढा’ असं कुणीतरी वेळेवर म्हटल्यावर. पेसमेकरची गरज आणि पेसमेकरची विक्री यांच्यामध्ये एक कागदाची पट्टी आहे, आणि ती स्वस्त आहे.

इथे लगेच एक मोह होतो, तोही सांगते. त्याच सर्वेक्षणात जर्मनीत दर दहा लाख लोकांमागे ९२७ नवीन पेसमेकर बसवल्याची नोंद आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून आठ लाखांच्या थोडी वर होती. गुणाकार केला की वर्षाला साडेसातशे पेसमेकर ‘लागतात’ असा आकडा तयार होतो. दिसायला झकास आहे, पण वापरू नका. पेसमेकर मुख्यतः उतारवयात लागतो आणि जर्मनीत म्हाताऱ्यांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. वयानुसार दुरुस्ती न करता केलेली तुलना ही बाजार-अहवालाइतकीच कच्ची असते. तिची बाजू गरिबाची आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही.

बसवल्यानंतरचं आयुष्य

विक्री एका दिवसात संपते. उपकरण पुढे दहा वर्षं चालायचं असतं.

आत्याला तीन वर्षांनी तपासणीला जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की प्रत्येक कंपनीच्या पेसमेकरला त्याच कंपनीचा प्रोग्रामर लागतो. छातीवर वाचक ठेवून बॅटरी आणि तार तपासणारं ते यंत्र असतं. एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या पेसमेकरशी बोलत नाही. तिथे तिच्या कंपनीचं नव्हतं. परत एसटी, परत स्वारगेट, परत एका दिवसाची मजुरी बुडाली.

तिला मिळालेलं कार्ड इंग्रजीत होतं आणि सूचनापत्रकही. त्यातल्या सूचना कुणासाठी लिहिल्या होत्या? विमानतळावरच्या तपासणीबद्दल एक परिच्छेद होता. आपल्याकडचे प्रश्न वेगळे आहेत. मोबाईल छातीपासून निदान वीतभर लांब ठेवा असं सांगतात. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो आणि आपल्या माणसाचा मोबाईल असतो सदऱ्याच्या डाव्या खिशात. विहिरीवरच्या मोटरजवळ किती वेळ वाकायचं? ट्रॉलीचं वेल्डिंग स्वतः करणाऱ्याने काय करायचं? वेल्डिंगच्या मोठ्या प्रवाहाने पेसमेकरच्या कामात तात्पुरता गोंधळ होऊ शकतो, म्हणून प्रवाह आणि अंतर दोन्हींच्या मर्यादा दिलेल्या असतात. पण त्या अँपिअरमध्ये आणि इंग्रजीत.

आणि शेवटची गोष्ट, जी कुणी बोलत नाही. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. गावात रात्री माणूस गेला आणि सकाळी अंत्यविधी असेल, तर तो कोण काढणार? आधी कुणाला आठवणार तरी आहे का?

बाजारात न दिसणारे पेसमेकर

याच टोकाला एक अभ्यास जोडला जातो. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून काढलेले १२१ पेसमेकर दान म्हणून मिळाले. त्यातले बॅटरी पुरेशी शिल्लक असलेले ५३ निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवले गेले. निष्कर्ष २०११-१२च्या सुमारास प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्ग किंवा यंत्र बंद पडणं अशी गुंतागुंत आढळली नाही. ५३ हा लहान आकडा आहे, तुलनेचा गट नीट असलेल्या मोठ्या अभ्यासाची जागा तो घेत नाही, आणि पुनर्वापरात कायद्याचे, संमतीचे प्रश्न आहेतच. पण आपल्या मुद्द्यापुरतं बघा. त्रेपन्न माणसांची गरज भागली आणि बाजारात शून्य वाढ झाली.

उलट टोकही आहे. कॉक्लिअर इम्प्लांट घ्या. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४च्या सुधारणेनंतर वर्षाला ५०० मुलांसाठी तरतूद झाली, एका मुलामागे कमाल ६ लाख रुपये. मुंबईची अली यावर जंग संस्था त्यासाठीची मध्यवर्ती यंत्रणा. आता या योजनेतून झालेल्या खरेदीचा आलेख काढला, तर तो बहिरेपणाबद्दल काही सांगणार नाही. तो तरतुदीबद्दल सांगेल. शिवाय शस्त्रक्रियेनंतर मुलाला ऐकलेलं ओळखायला आणि बोलायला शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं. ते शिकवणारी व्यक्ती घरापासून किती अंतरावर आहे, यावर त्या लाखो रुपयांचं फलित ठरतं.

मग अहवाल फेकून द्यायचे का?

नाही. कारखाना काढायचा असेल, गुंतवणूक मागायची असेल, तर बाजाराचा आकडा हाच योग्य आकडा आहे. सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत ३,४२० कोटी ठेवले आणि त्यात शरीरात बसणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणंही घेतली, ते धोरण आयातीचे आकडे बघूनच ठरणार. आपल्याच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. तेव्हा इथे पेसमेकरचा सुटा भाग बनू शकेल का, असा प्रश्न कुणी उद्योजकाने विचारला तर त्याने बाजार-अहवाल वाचलाच पाहिजे.

माझी तक्रार अहवालावर नाही, आपल्यावर आहे. आपण विकणाऱ्याचा आकडा उचलतो आणि सोसणाऱ्याची गरज म्हणून छापतो. एकदा ते पहिलं वाक्य लिहिलं की पुढचे प्रश्नही त्याच दिशेने जातात. ज्या उपकरणाला गिऱ्हाईक आहे त्यावर संशोधन, ज्याला नाही ते ‘भविष्यातील वाव’मध्ये.

तेव्हा आकडा दिसला की एवढं विचारा. व्याख्येत काय काय धरलंय? रुपये की डॉलर, आणि कोणत्या वर्षाच्या दराने? पैसे मोजलेत की नग? नगांमध्ये नवीन किती, बदलीचे किती? वाढ नगांची की किमतीची? आणि जो माणूस निदानापर्यंत पोचलाच नाही, तो या आकड्यात कुठे दिसतो? पाच-सहा प्रश्नांपैकी निम्म्यांचं उत्तर मिळत नसेल, तर तो आकडा प्रस्तावनेत घेऊ नका.

त्या ज्युनिअरबद्दल सांगायचं राहिलं. तिने विचारलं, “ताई, मग गरज दाखवायची कशी?” मी म्हटलं, तारेचं काय होतं ते आधी वाच. तिने वाचलं. पेसमेकरची तार शिरेतून हृदयाकडे जाते, आणि काही पद्धतींत ती गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या बेचक्यातून जाते. हात खांद्याच्या वर सारखा हलला की ती तिथे चेपते, आवरण झिजतं, कधी तार तुटते. मग तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत भवानीनगरच्या घरी बसून नवीन पहिलं वाक्य लिहिलं. ते असं की, बैठं काम करणाऱ्या रुग्णाच्या आणि दिवसभर कोयता चालवणाऱ्या रुग्णाच्या तारेवर पडणारा ताण सारखा नसतो, आणि आवरणाच्या चाचण्या ठरवताना हा फरक धरला जातो का, हे प्रस्तुत संशोधनात तपासायचे आहे.

या वाक्यात एकही अब्ज नाही. मी त्यावर गोल काढला नाही.